दीड तासाचा भोंगा

सांगली जिल्ह्याच्या कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव नांवाचें एक खेडें आहे. तेथील ग्रामसभेनें २०२२ सालीं स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशीं एक ठराव केला. रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, व साडेआठला तो पुनः वाजेपर्यंत घरोघर मोबाइल व टीव्ही बंद ठेवावे. त्या वेळांत मुलांनीं अभ्यास आणि वडील मंडळींनीं वाचन अथवा संभाषण करावें.

असा ठराव करण्याची पाळी कां आली? २०२० सालीं महामारीमुळें शाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां अभ्यासाकरितां म्हणून आपणच हें यंत्र मुलांच्या हातीं दिलें. पुढें शाळा उघडल्या, परंतु यंत्र हातांतून सुटलें नाहीं. मग सारा दोष मुलांच्या माथीं मारणें न्यायाचें होईल काय?

यंत्राचा द्वेष करावा, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. त्याच्या योगानें ज्ञान घरबसल्या मिळतें, हें कोण नाकारील? परंतु शेतकरी जमीन पड ठेवतो ती तिच्यावर रुसून नव्हे, तर पुढील पीक चांगलें यावें म्हणून. मनाचेंहि तसेंच आहे. घडोघडी घंटी वाजत असतां गणिताचें एक उदाहरणहि धड सुटत नाहीं. आणि रात्रीं उशिरापर्यंत पडद्याचा प्रकाश डोळ्यांवर पडत राहिला, तर झोंप लांबते व सकाळच्या पहिल्याच तासाला डुलक्या येऊं लागतात.

वडगांवच्या ठरावांतील खरें मर्म आम्हांस निराळेंच दिसतें. तो भोंगा केवळ मुलांसाठीं वाजत नाहीं. ज्या घरीं वडील स्वतः पडद्यावर नजर खिळवून मुलास "अभ्यासाला बैस" म्हणून सांगतात, त्या घरचा उपदेश वाऱ्यावर जातो. म्हणून पालकांस आमची सविनय सूचना अशी कीं, नियम करावयाचा तर तो प्रथम आपण पाळावा.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, पहिले चार दिवस हात चुळबुळतील, वेळ जातां जाणार नाहीं. परंतु त्याच रिकाम्या वेळांत अर्धवट राहिलेलें पुस्तक हातीं येईल, आजीची गोष्ट कानीं पडेल, व धाकट्या भावंडाची अडलेली बेरीज सुटेल. आपल्या गल्लींत भोंगा नसेल. परंतु सात वाजल्याचें सांगणारें घड्याळ तर घरोघरीं आहे. आजच्या सायंकाळपासूनच आरंभ करण्यास कोणती अडचण आहे?