वेगाचे मोल

आमच्या वर्गातील कित्येक विद्यार्थ्यांच्या वह्यांवर अलीकडे एका लालभडक मोटारीचे चित्र चिकटविलेले दिसते. ही मोटार कोणी व कशासाठी बनविली असे विचारले, तर उत्तर येत नाही. किंमत विचारली, तर ती मात्र तत्काळ सांगितली जाते. २०१८ साली अमेरिकेतील एका लिलावात १९६२ सालची ‘फेरारी २५० जीटीओ’ ४ कोटी ८४ लक्ष डॉलरांना विकली गेली, हे मुलांना मुखोद्गत आहे. परंतु ज्या वस्तूची केवळ किंमत ठाऊक आहे, ती वस्तू आपण ओळखतो असे आम्हांस वाटत नाही.

एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ साली इटलीतील मोदेना येथे एका धातुकाम करणाऱ्याच्या घरी झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात वडील व थोरला बंधू दोघेही निवर्तले. स्वतः एन्झो सैन्यात खेचरांना नाल ठोकण्याचे काम करीत. पुढे आल्फा रोमेओ कंपनीचे शर्यतपटू, १९२९ साली स्वतःच्या शर्यतसंघाचे संस्थापक आणि शेवटी मारानेल्लो येथील कारखान्याचे मालक, असा त्यांचा प्रवास झाला. १९४७ च्या मे महिन्यात बारा सिलिंडरांची त्यांची पहिली मोटार पिआचेन्झाच्या शर्यतीत उतरली. आघाडीवर असता इंधनाचा पंप बिघडला आणि तिला माघार घ्यावी लागली. कारागिरांनी दोष दुरुस्त केला, आणि अवघ्या दोन आठवड्यांनी तीच जातीची मोटार रोम येथे विजयी झाली. अपयशाने खचून न जाता त्याचे कारण शोधणे, हा या वारशाचा पहिला धडा होय.

पण या वारशाला दुसरी बाजूही आहे व ती झाकून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते. ब्रेशाहून रोमला जाऊन परत ब्रेशाला येणारी, सुमारे एक हजार मैलांची ‘मिल्ले मिल्या’ ही शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून होत असे. १२ मे १९५७ रोजी ग्विदित्सोलो गावाजवळ एका फेरारीचा टायर फुटला. चालक व त्याचा सहकारी तर गेलेच. परंतु कडेला कौतुकाने उभे असलेले नऊ प्रेक्षकही प्राणांस मुकले. त्यांत पाच मुले होती. एन्झो फेरारी यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला व १९६१ साली ते निर्दोष सुटले.

कोणी म्हणेल, शर्यतीच नसत्या तर यंत्रविद्या इतकी पुढे गेली असती काय? हा आक्षेप निरर्थक नाही. मोटारीचे सामर्थ्य व तिची उणीव शर्यतीत जशी उघडी पडते, तशी अन्यत्र क्वचितच. परंतु कसोटीचे स्थान बंदिस्त मैदान होय. जेथे मुले उभी असतात तो रस्ता नव्हे. इटलीच्या शासनानेही त्या अपघातानंतर अशा शर्यती बंद केल्या. १९७७ पासून ‘मिल्ले मिल्या’ पुन्हा भरते, पण तीत जुन्या मोटारी ठरविलेल्या वेळेनुसार चालवाव्या लागतात. सर्वांत वेगवान तो विजयी, असे तेथे नसते. वारसा जपण्याची ही रीत आम्हांस खरी शहाणपणाची वाटते.

शाळा सुटताच फाटकासमोरून भरधाव दुचाकी नेणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना आम्ही हेच सांगू इच्छितो. फेरारी यांचा पुत्र दिनो १९५६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, आजाराने वारला. पित्याने मारानेल्लो येथे त्याच्या नावे तंत्रशिक्षणाची शाळा उभारली. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वहीवरील चित्र खुशाल राहू द्या. मात्र त्याखालची किंमत खोडून त्या शाळेचे नाव लिहा, आणि जवळच त्या पाच मुलांसाठी एक ओळ कोरी ठेवा.