भट्टीवर सोलर

गच्चीवर सोलर पॅनल बसवले की घर ऊर्जाबचतीचं होतं, असं तुम्हाला ज्यानं सांगितलं त्याला पॅनल विकायचे होते. मला काही विकायचं नाही, म्हणून मी स्पष्ट बोलू शकतो. नागपूर, अकोला, जळगाव, नांदेड या पट्ट्यात मध्यमवर्गानं स्वतःच्या प्लॉटवर, बँकेचं कर्ज काढून, वास्तुशांतीला गावजेवण घालून जी घरं बांधली, त्यातली बहुतेक घरं भट्ट्या आहेत. भट्टीवर सोलर लावलं तर ती सोलरवर चालणारी भट्टी होते, इतकंच.

प्लॅन काढणं हा माझा धंदा. लोक येतात ते मोबाइलवर एक चित्र घेऊन. त्याला ते ‘थ्रीडी’ म्हणतात. चित्रात दोन मजल्यांच्या उंचीची अखंड काच असते, लाकडाच्या रंगाचं क्लॅडिंग असतं, छज्जा नसतो, कारण छज्जा ‘जुनाट’ दिसतो. चित्रात नेहमी संध्याकाळ असते आणि घरातले सगळे दिवे लागलेले असतात. मे महिन्यातल्या दुपारी तीनचं थ्रीडी मला आजवर कुणी दाखवलेलं नाही. मी विचारतो, प्लॉटची उत्तर कुठे? उत्तर येतं, ‘ते वास्तुवाले बघतील. तुम्ही एलिव्हेशन बघा.’

तर एलिव्हेशन बाजूला ठेवून आधी गच्ची बघू, कारण सूर्य तुमच्या एलिव्हेशनकडे बघत नाही, गच्चीकडे बघतो. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून वर्तमानपत्रं उभ्या बाटलीचे फोटो छापतात, पोरं टाळ्या वाजवतात. त्याच वेळी हजार चौरस फुटांच्या उघड्या गच्चीवर सुमारे ९० किलोवॉट ऊन पडत असतं. साधं सिमेंटचं छत त्यातलं निम्म्याहून जास्त पिऊन घेतं. पाच इंची आरसीसी स्लॅबमधून ती उष्णता खाली पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे छत खरं तापतं ते दिवेलागणीला. बाहेर अंगणात झुळूक सुटलेली असते आणि आत पंखा छताखालची गरम हवा तुमच्या अंगावर ढकलत असतो. मग एसी येतो. एसी आला की खिडक्या बंद होतात. खिडक्या एकदा बंद झाल्या की त्या कशा बांधल्यात याचा कुणी विचार करत नाही.

या स्लॅबवर उपाय आहे आणि तो गुप्त नाही. वॉटरप्रूफिंग झालं की त्यावर दोन इंची एक्सपीएस शीट, तिच्यावर कोबा, कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. क्रम महत्त्वाचा: ऊन वरच्या वर अडवायचं, स्लॅबमध्ये शिरू द्यायचं नाही. आपल्याकडे उलटं चालतं. स्लॅब तापू देतात आणि खालून पीओपीचं फॉल सिलिंग मारतात. त्यानं थोडाफार फरक पडतो, नाही असं नाही, पण फॉल सिलिंग कुणी उष्णतेसाठी करतच नाही. त्यात निळे-जांभळे लाइट लावायचे असतात. दोन इंची शीटला ‘बजेट नाही’ म्हणणारा माणूस त्या निळ्या लाइटसाठी सुताराला आगाऊ रक्कम देताना मी पाहतो, आणि गप्प बसतो, कारण फी अजून मिळालेली नसते.

सरकारकडे याचा नियम नाही असं समजू नका. ऊर्जा मंत्रालयानं डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आकड्यानं दिली आहे: यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. नुसता स्लॅब याच्या दुपटीहून वर जातो. भिंती नि खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेलाही चौरस मीटरला १५ वॉटची मर्यादा आहे. उत्तम संहिता. फक्त ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी लिहिली आहे. तुमचा-आमचा १,५०० चौरस फुटांचा प्लॉट होतो जेमतेम १४० चौरस मीटरचा. म्हणजे ज्यांना सल्लागार परवडतो त्यांना नियम, आणि ज्यांना सल्ला देणारं कुणी नाही त्यांना मोकळीक.

आता वास्तुवाले. मालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला हवी, हा त्यांचा हुकूम. नैर्ऋत्य म्हणजे दक्षिण नि पश्चिम यांचा कोपरा, म्हणजे दुपारी एकपासून सूर्य मावळेपर्यंत ज्या दोन भिंती भाजतात तो कोपरा. जाड दगडी भिंतींच्या, पुढे पडवी असलेल्या वाड्यात ते चाललंही असेल. सहा इंची भिंतीच्या बंगल्यात तीच खोली घरातली सर्वांत गरम खोली असते, आणि घरातला कर्ता पुरुष शास्त्राप्रमाणे तिच्यात जाऊन भाजतो. मग त्या खोलीला दीड टनाचा एसी. मी सुचवतो की पश्चिमेला जिना घ्या, बाथरूम घ्या, कोठीची खोली घ्या, भिंतभर कपाट घ्या. माणसं झोपतात ती बाजू वाचवा. तर म्हणतात, ‘संडास पश्चिमेला चालेल का, ते विचारून सांगतो.’

पश्चिमेच्या काचेचा हिशेब तर कुणालाही करता येईल. मे महिन्यात दुपारी चारला पश्चिमेच्या उभ्या भिंतीवर चौरस मीटरला पाचशे-सहाशे वॉट ऊन पडतं. सहा बाय चारची साधी काच धरा, सव्वादोन चौरस मीटर. तिच्यातून सुमारे एक किलोवॉट उष्णता आत येते. भर उन्हाळ्यात खोलीत हीटर लावून ठेवायचा आणि तो विझवायला भिंतीवर एसी टांगायचा, याला आपण ‘मॉडर्न लुक’ म्हणतो. पडदा लावून उपयोग नसतो. पडद्यापर्यंत ऊन पोहोचलं म्हणजे ते घरात आलंच. अडवायचं ते काचेच्या बाहेर.

दक्षिणेला हे काम सोपं आहे. तिथे दुपारचा सूर्य उंच असतो, चार फुटी खिडकीला दोन फुटी छज्जा पुरतो. थंडीत सूर्य खाली आला की त्याच खिडकीतून कोवळं ऊन आत येतं, फुकट. पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढा, मावळतीचं ऊन त्याच्या खालून येतं. तिथे उभे पडदी-खांब, सिमेंटची नाहीतर विटांची जाळी, खोल व्हरांडा किंवा सरळ कडुनिंब. कडुनिंबाचं नाव काढलं की गाडी कुठे लावायची हा प्रश्न येतो. साइड मार्जिनमध्ये झाड लावा म्हणावं, तर मार्जिनवर पत्रा टाकून तिथे भांडी घासायची सोय झालेली असते. नगरपालिकेनं हवेसाठी सोडायला लावलेली तीन फुटांची पट्टी आपण आधी बंद करतो आणि मग घरात हवा खेळत नाही म्हणून पंख्याचा रेग्युलेटर बदलतो.

खिडक्यांचंही तेच. तीन ट्रॅकची स्लायडिंग म्हणजे पैसे पूर्ण खिडकीचे आणि हवा अर्ध्या खिडकीची, कारण दुसरा अर्धा कायम काचेनं झाकलेला. जुन्या दोन दारांच्या खिडकीतून पूर्ण हवा यायची. ती आता गावाकडची वाटते. शिवाय हवेला आत यायला वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. समोरासमोरच्या भिंतींत उघडणी ठेवा, जिन्याच्या टोपीला वर जाळीची झडप ठेवा. गरम हवा वर चढते, तिला तिथून जाऊ द्या. या झडपेला येणारा खर्च तुमच्या नेमप्लेटपेक्षा कमी आहे.

भिंतींबद्दल दोन पंथ आहेत, विटा आणि सिपोरेक्स. सिपोरेक्सचा ब्लॉक उष्णता विटेपेक्षा पुष्कळ कमी वाहून नेतो, पश्चिमेच्या भिंतीला तो मी बिनदिक्कत सुचवतो. पण विटेतही युक्ती आहे. लॉरी बेकरनं केरळात आयुष्यभर ‘रॅट ट्रॅप’ बांधणीची घरं बांधली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, की नऊ इंची भिंतीत मध्ये हवेची पोकळी राहते. विटा साधारण चौथा हिस्सा कमी लागतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. आपल्याकडे मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, भिंत पोकळ राहील.’ हो बाबा, पोकळच ठेवायची आहे. ठेकेदार म्हणतो, ‘आमच्या माणसांना जमत नाही.’ त्याचा दर चौरस फुटावर असतो. सावलीचे, पोकळीचे, हवेचे त्याला पैसे मिळत नाहीत, तर तो का शिकेल? आणि आमच्या धंद्यातले तरी काय शिकवणार? पूर्वमुखी प्लॉटचा प्लॅन आरशात धरल्यासारखा उलटवून पश्चिममुखी प्लॉटला चिकटवणारे आम्ही. पाच मिनिटांचं काम, फी तीच.

इथे एक दुसरी जमात टाळ्या वाजवते, ती मातीच्या घरांच्या भक्तांची. मुळशीकडे शनिवार-रविवारपुरतं मातीचं घर बांधून ‘आपले पूर्वज किती शहाणे’ असं सांगणाऱ्यांनी जरा किल्लारीला जाऊन यावं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादमध्ये भूकंपात हजारो माणसं मेली ती त्याच ‘थंडगार’ घरांखाली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती, त्यांवर माळवद, आणि माळवदावर वर्षानुवर्षं चढवलेली मातीची थप्पी. घर थंड ठेवणारं ते वजनच अंगावर आलं. त्यानंतर मराठवाड्यातला माणूस स्लॅबकडे धावला तर त्याच्या भीतीला हसायचा अधिकार कुणालाही नाही. माझी तक्रार एवढीच, की माळवदाबरोबर त्यानं ओसरी टाकली, चौक टाकला, अंगणातला लिंब टाकला. यातलं काहीही भूकंपात कुणाच्या अंगावर पडलं नव्हतं. आरसीसीचा सांगाडा ठेवून हे सगळं करता येतं.

कोकणात वेगळीच गंमत. तिथे हवा दमट, जाड भिंत नि कूलर दोन्ही निकामी. वारा आणि उतरतं छप्पर हाच तिथला इलाज. लोकांनी कौलं काढून स्लॅब घातला. स्लॅब पावसाळ्यात गळायला लागला, म्हणून त्याच्यावर पत्र्याची उतरती शेड उभारली. म्हणजे पुन्हा छप्परच आलं, फक्त दोनदा पैसे देऊन. पण ही शेड बाजूंनी मोकळी असली तर पत्रा तापतो, खालून वारा जातो आणि स्लॅब सावलीत राहतो. कोकणातलं सर्वांत परिणामकारक ऊर्जाबचतीचं काम हे असं गळतीमुळे, चुकून झालेलं आहे. बाजू बंद करून तिथे पोराची खोली काढली की तेही संपलं.

घरकुलवाल्यांना मी यातलं काही सुनावणार नाही. १ लाख २० हजारांच्या अनुदानात २५ चौरस मीटर बांधणाऱ्याला दिशा निवडायला जागाच नसते. माझा राग ज्यांना निवड करता येते त्यांच्यावर आहे.

उपकरणांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, दुकानदार ते सांगतोच. जुना पंखा ७०-८० वॉट खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास, आणि २०२३ पासून पंख्यांवर स्टार सक्तीचे आहेत, ते वाचा. विदर्भात कूलर लावत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा; दारं-खिडक्या लावून कूलर चालवणारा स्वतःला वाफवून घेतो.

आणि आता सोलर. फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान मिळतं, एक किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतो, घ्या की. पॅनलची सावली स्लॅबवर पडते तोही फायदाच. पण क्रम कुठला? घराची भूक आधी कमी केली तर दोन किलोवॉटमध्ये भागतं. भट्टी तशीच ठेवली तर पाच किलोवॉटही कमी पडतात. नेट मीटरिंगमुळे बिल शून्य आलं की लोक व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो टाकतात. बिल शून्य आलं म्हणून वीज शून्य लागली असं होत नाही. रात्री अकराला, पॅनल झोपलेले असताना, तुमचा नैर्ऋत्येचा एसी चालतो तो कोराडीच्या नि चंद्रपूरच्या कोळशावर. चंद्रपूरचं केंद्र २,९२० मेगावॉटचं, आणि दर उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत नाव पुन्हा चंद्रपूरचंच.

घर बांधून झालं, रंग झाला, कर्जाचे हप्ते सुरू झाले, की पहिल्या एप्रिलमध्ये मला फोन येतात. वरच्या मजल्यावर बसवत नाही, काही करता येईल का? वरातीमागून घोडं, पण करता येतं. मी सांगतो, चुना आणा. कळीचा चुना भिजवून गाळा, चिकटायला त्यात फेव्हिकॉल घाला, गच्चीवर दोन हात मारा. ताजा पांढरा चुना बरंचसं ऊन आल्या वाटेनं परत पाठवतो. खालच्या छताचं तापमान काही अंशांनी उतरतं. पावसाळ्यात धुऊन जातो, धुळीनं मळतो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमाराला पुन्हा मारायचा.

फोनवर क्षणभर शांतता. लाखांत खर्च करून बसलेल्या माणसाला चुना सांगितला की तो दुखावतो. त्याला जर्मन कोटिंगचं नाव ऐकायचं असतं. मग एखादा विचारतो, ‘पांढराच लागेल का सर? आमची कलर स्कीम वेगळी आहे.’