श्रेयांक निघाले बंगळुरूला!

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या नियमांनी श्रेयांकांची पेढी उघडली. कल्याण-डोंबिवलीत मिळवलेले श्रेयांक बंगळुरूच्या ख्राईस्ट विद्यापीठासारख्या ख्रिस्ती संस्थेत वळते करण्याची वाट त्यामुळे नियमाने तरी खुली झाली. निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतच मिळवावे लागतात, ही अट आहेच. तरीही मिशनऱ्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी क्षणभर थांबावे.

ख्राईस्ट महाविद्यालय कार्मेलाइट धर्मगुरूंनी १९६९मध्ये काढले. ठाण्याचे जोशी-बेडेकर महाविद्यालयही त्याच वर्षीचे! ख्राईस्टला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, लवासातही त्याचे संकुल उभे राहिले. ठाण्याच्या पदवीवर मात्र मोहोर अजून मुंबई विद्यापीठाचीच. त्या विद्यापीठाने २०१७ साली संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याचा घाट पुरेशा तयारीविना घातला; निकाल महिनोन्महिने रखडले, कुलगुरू संजय देशमुख यांना पद गमवावे लागले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहत बसलेल्या मुलांचे ते दिवस कोणत्या पेढीत जमा झाले?

डोंबिवलीचा मध्यमवर्गीय पालक मुलाला बंगळुरूस धाडतो, तो बाप्तिस्म्यासाठी नव्हे. त्याला वेळेवर निकाल हवा असतो. तो येथे का मिळत नाही, याचा जाब आपल्याच संस्थाचालकांनी विद्यापीठाला विचारायला हवा होता.