आग्रा रोडवरचा गोल्फ

निवृत्तीनंतर मनुष्याने काशीयात्रा करावी की चारधाम, याविषयी आमच्या चिंचपोकळीत मतभेद आढळतात. परंतु गोल्फच्या काठ्या गाडीत टाकून, मजल दरमजल करीत काश्मीरपर्यंत जावे आणि वाटेत जेथे आपल्या ऐपतीत खेळता येईल तेथे मुक्काम ठोकावा, असा बेत जाहीर केल्यावर चाळीतील ज्येष्ठ मंडळींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती सामान्यतः दिवाळे काढलेल्या पेढीसाठी राखून ठेवलेली असते.

त्यांचा दोष नाही. चिंचपोकळीच्या पुलावरून पश्चिमेस निघाल्यास थोड्याच अंतरावर, ताडदेवच्या बाजूस, विलिंग्डन क्लबाचे हिरवेगार मैदान लागते. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 साली हा क्लब काढला तो हिंदी लोकांनाही साहेबांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा म्हणून, असे सांगतात, आणि ते खरे धरले तरी त्या हिंदी लोकांत संस्थानिक व शेठ-सावकार यांचीच गणना होती, दोनच वर्षांनी चिंतामणी गणपतीचा सार्वजनिक उत्सव सुरू करणाऱ्या आमच्या गिरणगावाची नव्हे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबाचा जन्म 1927 सालचा. तेथील काठ्या वाहणाऱ्या कॅडींच्या वस्तीतील मुले वाकवलेल्या लोखंडी सळईने व प्लास्टिकच्या चेंडूने बोळाबोळांतून गोल्फ खेळतात, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. आणि माझ्या मते या शहरातील सर्वांत अस्सल गोल्फ तोच होय.

सारांश, आपल्याकडे या खेळाचा खरा खर्च दरपत्रकात नसून दरवाजावर असतो. म्हणून प्रवासाचा मसुदा करताना आम्ही प्रथम स्वस्त मैदाने न शोधता, सभासदत्वाची सनद न मागता पैसे भरून आत सोडणारी मैदाने शोधली. पहिले नाव घरापाशीच निघाले: खारघरच्या डोंगरकुशीत सिडकोने केलेले मैदान, जेथे कोणीही शुल्क भरून खेळू शकतो. तेथे खेळावयाचे तर शनिवार-रविवार टाळावे, कारण बहुतेक मैदानांत आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर उतरलेले असतात, आणि सवडीने निघालेल्या निवृत्त माणसाजवळ असे दिवसच काय ते मुबलक असतात.

गुजरातेतून दिल्लीस जाणारा हमरस्ता अधिक सोयीचा, हे मान्य. तरीही आम्ही कसारा घाटाने जाणारा जुना आग्रा रोड मुक्रर केला. नाशिकास ज्याला सारे गाव अद्याप गोल्फ क्लब मैदान म्हणते, तेथे आता गोल्फ नाही. पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असते आणि रणजीचे सामने होतात. पण दप्तरी त्याचे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे, आणि 1909 च्या डिसेंबरात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या त्या तरुणाचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला मिळावे, यात इतिहासाने केलेला न्याय मला फार आवडतो. खेळावयाचे नसले तरी तेथे थांबणे आहेच.

पुढे इंदूरजवळ महूची छावणी. लष्करी मैदानांत दर माफक, पण मुलकी माणसास कोणा अधिकाऱ्याची शिफारस लागते. ती मिळेल न मिळेल. न मिळाली तरी ज्या छावणीत सुभेदार रामजींच्या घरी 14 एप्रिल 1891 रोजी, पुढे आमच्या शेजारच्या परळात बी.आय.टी. चाळीत इतकी वर्षे काढणाऱ्या डॉ. आंबेडकरांचा जन्म झाला, तेथे जाण्यास शिफारशीची गरज नाही. ग्वाल्हेरीस शिंद्यांचा किल्ला, एक रात्र, पुरे.

दिल्लीत लाडो सरायला, कुतुबमिनाराच्या परिसरात, दिल्ली विकास प्राधिकरणाचे मैदान आहे. 2000 साली सुरू झालेले हे देशातील पहिले सार्वजनिक गोल्फ मैदान मानले जाते. येथे एका खर्चाविषयी आमच्या मंडळात एकमत आहे: कॅडीच्या मेहनतान्यात काटकसर करावयाची नाही. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले व्यावसायिक भारतीय खेळाडू अली शेर हे मुळात कॅडीच होते. काठी कोणती घ्यावी हे सांगणारा माणूस आपल्याहून चांगला खेळत असण्याचा संभव तेव्हा बराच मोठा असतो.

डोंगराळ मुलूख ऋतूवर अवलंबून. शिमगा झाला की निघावे, उत्तरेत लू सुटण्यापूर्वी मैदानी प्रदेश मागे टाकावा, एप्रिलात शिमल्यापलीकडील नालदेहऱ्याची नऊ होल दोनदा खेळून अठरा करावीत (ही जागा लॉर्ड कर्झनला इतकी भावली की 1904 साली जन्मलेल्या कन्येच्या नावात त्याने नालदेरा गुंफले), आणि बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात, गुलमर्गच्या सुमारे 2650 मीटर उंचीवरील मैदानावर पोहोचावे. तेथील विरळ हवेत चेंडू लांब जातो. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार.

जमाखर्चाचा अदमास काढला तेव्हा इंधन व मुक्काम यांपुढे खेळाचे शुल्क किरकोळच ठरले. काठ्या चोरबाजारातील जुन्या आहेत. सौ.नी मात्र हा सारा मसुदा ऐकून एकच कलम सुचवले: इंदूरचा खाऊबाजार सराफ्यात रात्रीच भरतो, सबब तेथे दोन रात्रींचा मुक्काम असल्याखेरीज आपण गाडीत पाऊल ठेवणार नाही. कलम बिनविरोध मंजूर झाले, व त्यापायी ग्वाल्हेरच्या किल्ल्याला दिलेली रात्रही धोक्यात आली आहे.