ब्रेक, गंज आणि अधिकृत हात

विजेच्या मोटारीच्या मालकाने आपल्या गाडीचे झिजलेले ब्रेकपॅड व डिस्क स्वतः बदलणे हा सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्धचा अपराध होय, असे मत एका विद्वान गृहस्थांनी नुकतेच जाहीरपणे मांडले; आणि ते मांडताना त्यांचा आविर्भाव असा होता की, चाकाचा नट पान्यात धरताक्षणी मालक अर्धा गुन्हेगार ठरावा आणि नट फिरताच पुरा. या प्रतिपादनाकडे कानाडोळा करता आला असता. परंतु ते ऐकून पुष्कळांनी माना डोलावल्या, आणि त्यांत अशाही माना होत्या ज्यांच्या धन्यांनी आपल्या गाडीचा जॅक कोठे ठेवलेला असतो हे आजवर पाहिलेले नाही. सबब काही मजकूर लिहिणे प्राप्त झाले.

गृहस्थांची कैफियत थोडक्यात अशी: विजेची मोटार म्हणजे शेकडो व्होल्टचा संचार असलेले यंत्र, त्यास सामान्य माणसाने हात लावणे म्हणजे आत्मघात. शिवाय तिचे ब्रेक मुळी झिजतच नाहीत, कारण वेग आवरण्याचे काम मोटरच करते. तंत्र नवे, आपले ज्ञान जुने. स्वतः काम केले तर वॉरंटी बुडते, गरीब मिस्त्रीच्या पोटावर पाय येतो, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक हा प्राणरक्षक अवयव असल्यामुळे तो केवळ अधिकृत कार्यशाळेतील प्रशिक्षित हातांनीच उघडला पाहिजे. जे कधी झिजत नाही ते उघडण्याची पाळी प्रशिक्षित हातांवर तरी का यावी, याचा खुलासा त्यांनी केला नाही. पण वक्तृत्वाच्या ओघात असल्या बारीकसारीक हरकती वाहून जायच्याच.

विजेच्या धक्क्याची भीती प्रथम निकालात काढू. उच्च दाबाच्या तारांना नारिंगी वेष्टण असते, त्या बॅटरी, इन्व्हर्टर आणि मोटर यांच्या दरम्यान धावतात, आणि ब्रेकच्या कॅलिपरकडे त्यांतली एकही जात नाही. चाकापाशी येतात ती ब्रेक ऑइलची नळी, चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची बारीक वायर, आणि काही गाड्यांत मागच्या चाकाशी पार्किंग ब्रेकच्या छोट्या मोटरची बारा व्होल्टची वायर. खरे भय विजेचे नसून जॅकचे आहे. बॅटरी गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली असते, आणि उत्पादकाने नेमून दिलेली जागा सोडून भलतीकडेच जॅक लावला तर बॅटरीची पेटी चेपते. ही सावधगिरीची सूचना खरोखर उपयोगी पडली असती, आणि नेमकी तीच गृहस्थांच्या मुखातून आली नाही.

तंत्राच्या नवेपणाबद्दल एवढेच सांगावयाचे की, डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर नामक इंग्रज अभियंत्याने 1902 साली घेतले, 1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वारने जिंकली, आणि पेडलवरचा दाब द्रवातून पिस्टनपर्यंत ज्या नियमाने पोचतो तो पास्कलने सतराव्या शतकात सांगून ठेवला आहे. वॉरंटीचे म्हणाल, तर पॅड हा झिजणारा माल म्हणून सामान्यतः तिच्या कक्षेबाहेरच असतो. मिस्त्रीची काळजी गृहस्थांनी करू नये. त्याला वगळून अधिकृत कार्यशाळेत जा, असा उपदेश तेच करीत आहेत.

राहिला तो ‘ब्रेक झिजतच नाहीत’ हा सिद्धांत, आणि तेथे मात्र मला बैठक मारून बसणे भाग आहे. सिद्धांत अर्धा खरा आहे, आणि अर्धे सत्य पूर्ण असत्याहून अधिक उपद्रव देते. दीड टनाची मोटार ताशी 80 किलोमीटर वेगाने धावत असता तिच्या ठायी सुमारे 370 किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे घरच्या मीटरच्या हिशेबाने एक दशांश युनिट. पेट्रोलची गाडी थांबताना ही ऊर्जा मुख्यतः डिस्क तापविण्यात जाते. विजेची गाडी मोटरचे जनित्र करून तिच्यातला बराच भाग बॅटरीत परत जमा करते, ज्याला गाडीवाले ‘रिजेन’ म्हणतात. हिशेब उत्तम आहे. परंतु डिस्क बिडाची असते, आणि नित्य घासले जाणे हाच बिडाच्या डिस्कचा बचाव असतो. पॅड रोज घासत होते तोवर रात्रीच्या पावसाने चढलेला तांबूस थर सकाळच्या पहिल्या दोन सिग्नलांत उतरत असे. घासणे विरळ झाले तेव्हा तो थर मुक्कामाला राहिला, खोल गेला आणि त्याने पृष्ठभागात खड्डे पाडले. अलिबाग, रत्नागिरी, मालवण येथल्या खाऱ्या हवेत अथवा मुंबईच्या चार महिन्यांच्या ओलाव्यात उभी असणारी विजेची गाडी पाहावी: पॅडची जाडी नव्यासारखी, आणि डिस्कच्या कडेला गंजाचा उंचवटा नखाला अडेल इतका. फोक्सवॅगनने आयडी.3 या आपल्या विजेच्या मोटारीस मागे डिस्कऐवजी जुन्या घाटाचे ड्रम दिले, कारण क्वचित वापरला जाणारा ब्रेक झाकलेला असलेला बरा. तात्पर्य, उत्पादकांना जे कळले ते गृहस्थांपर्यंत पोचायचे आहे. हे ब्रेक वापराने मरत नाहीत, न वापरल्याने मरतात. आणि त्या मरणाची लक्षणे पॅडची जाडी मोजून दिसत नाहीत.

ती दिसतात कोठे? कॅलिपर ज्या दोन गाइड पिनांवर मागेपुढे सरकतो त्यांपैकी एक बाहेर ओढून पाहावी. नीट असलेली पिन बोटाच्या ढकलण्याने सरकते आणि रबरी बुटातून हवेचा बारीक सुस्कारा टाकते. बिघडलेली पिन पिळून पिळून काढावी लागते. ग्रीसच्या जागी तपकिरी खळ जमलेली असते आणि पिनेच्या पोलादावर देवीच्या व्रणांसारखे खळगे पडलेले असतात. अशी पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड एकट्याने सगळा भार घेतो आणि पत्र्यापर्यंत घासला जातो, बाहेरचा पॅड मात्र जवळजवळ कोरा राहतो. शिवाय पॅडचे दोन कान ब्रॅकेटच्या ज्या खाचांत बसतात तेथे गंज फुगून ते कान जाम होतात, आणि कधी पॅडच्या पाठीच्या पत्र्याखाली गंज शिरून मसाल्याचा थरच पत्र्यापासून सुटू लागतो. आता अधिकृत तपासणी कशी होते ते पाहा. गाडी उभी असते, तपासनीस खाली वाकतो, अलॉय चाकाच्या आऱ्यांमधून विजेरीचा झोत टाकतो आणि त्याला जो दिसतो तो पॅड बाहेरचा. तो जाड आहे. कागदावर ‘ब्रेक ठीक’ अशी खूण होते. आतला पॅड कोणी पाहिला नाही, डिस्कची आतली बाजू कोणी पाहिली नाही, पिन तर कोणाच्या स्वप्नातही नव्हती. माझ्या परिचयातील एकाची गाडी वर्षाच्या सर्व्हिसिंगहून अशीच खूण घेऊन घरी आली. चाकांच्या नटांवर घाटातला लाल चिखल जसाच्या तसा वाळलेला होता. त्या मातीला पाना लागला असता तर ती तेथे राहती ना.

यात त्या तपासनिसाची निंदा नाही. त्याच्यापाशी प्रशिक्षण आहे, वेळ नाही. त्याच्या जॉबकार्डावर या कामाला जी मिनिटे लिहिलेली असतात त्यांत चार चाके उतरवून, आठ पिना पुसून, खाचा तारेच्या ब्रशाने घासून परत बसविणे मनुष्यमात्राच्या शक्तीबाहेरचे आहे. ज्या कामाचे बिल होत नाही ते काम कार्यशाळेत होत नाही, आणि गंज खरवडण्याचे बिल कोणी करीत नाही. डिस्क पार बाद झाल्यावर ती बदलण्याचे बिल मात्र होते, व मोठे होते. अशा स्थितीत ‘प्रशिक्षित हात’ हा जप करणाऱ्यास विचारावेसे वाटते की, ते हात तुमच्या चाकाच्या आत शेवटचे केव्हा शिरले होते? आणि हा ब्रेक नेमका कोणत्या घटकेस लागतो याचाही विचार व्हावा. महाबळेश्वरला रात्रभर चार्ज करून बॅटरी काठोकाठ भरली आणि सकाळी पाचगणी ओलांडून पसरणीचा घाट उतरू लागलात, तर भरलेल्या बॅटरीत आणखी वीज घेण्यास जागा नसल्यामुळे बहुतेक गाड्यांत रिजेन आखडते किंवा बंद होते, आणि महिनोन्महिने आराम केलेली गंजकी डिस्क व जाम झालेली पिन वळणावळणावर एकाएकी कामावर हजर व्हावी लागते. तेथे ‘झिजतच नाहीत’ हा सिद्धांत वाईपर्यंत पोचवील असा भरवसा मला वाटत नाही.

हा वाद नवा नाही. स्कूटरचा जमाना होता तेव्हा डिकीत प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा नसलेला स्कूटरवाला विरळा. रस्त्याकडेला गाडी तिरकी करून, काळवंडलेला प्लग घासून, ठिणगी पाहून तो पुढे जाई. तेव्हाही एक पंडितवर्ग म्हणतच असे की, यंत्र हे यांत्रिकाचे क्षेत्र, सुशिक्षित माणसाने हात काळे करू नयेत. तो वर्ग वितळतार बदलण्यासही वायरमनची वाट पाहत अंधारात बसे, आणि त्या बसण्यास जबाबदारीची जाणीव म्हणे. पुढे त्याच मनोवृत्तीस व्यापाराचे पाठबळ मिळाले. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याच्या शिरस्त्याबद्दल या देशातील स्पर्धाविषयक नियामकाने 2014 साली चौदा मोटारउत्पादकांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्यावर अपिले झाली, आकडे खालीवर झाले. पण मालकाचा हात गाडीपासून दूर ठेवण्यात हितसंबंध कोणाचे आहेत, हे दप्तरी नोंदले गेले. आमच्या गृहस्थांना त्या दप्तराशी कर्तव्य नाही. त्यांची भीती निःस्वार्थ आहे, आणि म्हणून अधिक फैलावते.

मंडन करावयाचे ते इतकेच की, हे काम घरी होते आणि नीट होते. सपाट जमीन, उरलेल्या चाकांना अडण, नेमल्या जागी जॅक, आणि त्याच्या भरवशावर न राहता खाली भक्कम स्टँड. एका वेळी एक बाजू उघडावी, म्हणजे दुसरी नमुना म्हणून शाबूत राहते. पॅड व डिस्क मात्र दोन्ही बाजूंचे एकाच वेळी बदलावेत. कॅलिपर नळीवर लोंबता न ठेवता तारेने स्प्रिंगला बांधावा. पिस्टन आत दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते, आणि ते सांडले तर रंग खाते, याकडे लक्ष असावे. मागच्या चाकांना विजेचा पार्किंग ब्रेक असेल तर गाडी आधी दुरुस्तीच्या मोडमध्ये घालावी; ते न करता पिस्टनवर जबरी केली की आतली चिमुकली मोटर किंवा तिचे दाते कामातून जातात. जुन्या डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते; तिच्याखाली उतरलेली डिस्क लेथवर मारून पुन्हा लावण्याचा काटकसरी विचार मनात आणू नये. हबचा चेहरा तारेच्या ब्रशाने चकचकीत करावा, कारण तेथे राहिलेला गंजाचा एक कण नव्या डिस्कला कायमची डुगडुग लावतो. पिनांना ब्रेकचेच ग्रीस, साधे नव्हे; साध्याने रबर फुगते. नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. आणि गाडी जागची हलविण्यापूर्वी पेडल घट्ट होईतो दाबावे, नाहीतर पहिला ब्रेक हवेत जातो.

नळ्या बदलणे, एबीएसच्या ठोकळ्यातली हवा काढणे, ही कामे मी घरी करा म्हणणार नाही. त्यांस स्कॅनर व सराव लागतो, आणि तेथे कार्यशाळेत जाण्यात काही कमीपणा नाही. पॅड आणि डिस्क यांना त्याच पंक्तीस बसविणे मात्र मला मान्य नाही.

शेवटचा टप्पा विजेच्या गाडीस खास आहे. नवे पॅड नव्या डिस्कवर मुरावे लागतात, आणि नेहमीच्या रीतीने गाडी चालविली तर निम्म्याहून अधिक थांबणे मोटरच उरकून घेते, पॅड कोरेच राहतात. म्हणून मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर, बहुतेक गाड्यांत ज्याने रिजेन बंद पडते त्या न्यूट्रलमध्ये गाडी घालून, ताशी पन्नासेकपासून दहापर्यंत बेताने वेग उतरवावा, मध्ये डिस्क निवू द्यावी, पुन्हा उतरवावा. काही वेळाने पेडलखालची खरखर जाऊन पकड एकसारखी लागते. एवढी साधी गोष्ट कार्यशाळेने पॅड बदलून गाडी हाती देताना कोणी केली होती काय, हे ज्याने त्याने आपल्या बिलाच्या कागदावर शोधून पाहावे.