तोबरा आणि चंदी

२६ जूनची शाहू जयंती जवळ आली की कोल्हापुरात शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धेची तयारी सुरू होते. आवाज कुठे चढवायचा, हात कधी उंचवायचा, हे शिक्षक मुलांकडून घोटून घेतात. पण ऐकणाऱ्याचे मत भाषणाने बदलते ते कसे, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते. खरे तर ही मुले ज्यांच्यावर बोलतात, त्या शाहू महाराजांकडेच त्याचा धडा आहे.

महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखीव केल्या. जात न पाहता गुणवत्ता पाहावी, असा आक्षेप सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी घेतला. पुढची हकिगत कोल्हापुरात आजही सांगतात. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, बांधलेला होता. महाराजांनी तोबरे सोडायला लावले, सगळी चंदी एका जाजमावर पसरली आणि घोडे मोकळे केले. दांडगे घोडे तुटून पडले. अशक्त घोडी आणि शिंगरे मागेच उभी राहिली.

याला इंग्रजीत ॲनॉलॉजी म्हणतात. आपला शब्द दृष्टांत. दृष्टांत निष्कर्ष सांगत नाही, तो ऐकणाऱ्याला काढायला लावतो. दुसऱ्याने दिलेले मत आपण सहज झटकतो. स्वतः काढलेले झटकणे जड जाते.

धोकाही तिथेच आहे. माणूस म्हणजे घोडा नव्हे, आणि साम्य दाखवताना दृष्टांत फरक झाकतो. म्हणून वादाचा मुद्दा आणि दृष्टांताचा मुद्दा एकच आहे का, हे तपासावे लागते. इथे वाद मोकळ्या मैदानात सर्वांना सारखी संधी मिळते का, एवढाच होता. तेवढ्यापुरता पागेतला दाखला चपखल बसतो.

प्रश्नही दृष्टांतासारखाच ऐकणाऱ्याला स्वतः विचार करायला लावतो. कॉ. गोविंद पानसरे यांच्या भाषणातून तयार झालेल्या पुस्तिकेचे नावच ‘शिवाजी कोण होता?’ असे आहे. उत्तर आपल्याला ठाऊकच आहे, असे वाटणारा वाचक तिथे थबकतो.

ॲरिस्टॉटलने युक्तिवाद आणि भावना यांच्या जोडीला तिसरी गोष्ट ठेवली: ईथॉस, म्हणजे वक्त्याची पत. तिचा दाखलाही शाहू महाराजांकडेच सापडतो. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला, म्हणजे आजच्या हातकणंगले तालुक्यात, अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते. तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे महाराजांनी लोकांना सांगितले आणि आंबेडकरांना राजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला बोलावले. सावलीचाही विटाळ मानणाऱ्या काळात छत्रपतींनी भर सभेत दिलेले ते आमंत्रण होते. त्याला अलंकाराची गरजच नव्हती, कारण त्यामागे १९०२ च्या निर्णयापासूनचा १८ वर्षांचा कारभार उभा होता.

भाषणाची साधने ही नुसती सजावट नव्हे आणि फसवणूकही नव्हे; ती कसाला लावावी लागतात. म्हणून परीक्षकांना एक विनंती आहे. आवाज, हावभाव आणि पाठांतराचे गुण द्याच. पण भाषण संपल्यावर मुलाला एकच प्रश्न विचारा: तू दिलेला दृष्टांत कुठे लागू पडत नाही?