पालघरात पक्ष विचारू नये

राजेंद्र गावीत कोणत्या पक्षात आहेत, असं पालघरच्या माणसाला विचारलं तर तो आधी उलट विचारतो, ‘कोणत्या साली?’ यात टवाळी नाही, नुसता हिशेब आहे. 2009 मध्ये ते काँग्रेसचे आमदार झाले, पुढे राज्यमंत्री. 2018 च्या पोटनिवडणुकीत भाजपचे खासदार. 2019 ला त्याच मतदारसंघातून शिवसेनेचे खासदार. शिवसेना फुटली तेव्हा एकनाथ शिंदे यांच्याबरोबर. 2024 च्या मे महिन्यात लोकसभेचं तिकीट हेमंत सवरांना गेलं, तेव्हा पुन्हा भाजपमध्ये. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात शिंदेंच्या शिवसेनेचे आमदार. या सगळ्या काळात मतदार त्याच शाळेच्या त्याच खोलीत मत द्यायला जात होता. नावापुढचं चित्र तेवढं दर खेपेला निराळं.

गावीतांना एकट्यांना धरण्यात अर्थ नाही. चिंतामण वनगा म्हणजे या भागातला भाजपचा जुना, साधा माणूस. पेशाने वकील, तीनदा खासदार. 30 जानेवारी 2018 ला ते गेले. पक्षाने विचारपूस केली नाही म्हणून घरची मंडळी दुखावली, ‘मातोश्री’वर गेली आणि मुलगा श्रीनिवास शिवसेनेचा उमेदवार झाला. भाजपने काँग्रेसमधून गावीतांना आणून उभं केलं. राज्यात एका सरकारात बसलेले दोन पक्ष इथे एकमेकांच्या उरावर बसले, आणि 28 मेच्या मतदानात गावीत 29,572 मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी युती झाली, जागा शिवसेनेला सुटली आणि शिवसेनेने उमेदवारी दिली ती गावीतांनाच. ज्यांनी वर्षापूर्वी गावीतांविरुद्ध घसा कोरडा केला होता, त्यांच्याच हातात आता गावीतांची पत्रकं. श्रीनिवास वनगा विधानसभेवर गेले, 2022 ला शिंदेंबरोबर गेले, 2024 ला तिकीट कापलं गेलं तेव्हा कॅमेऱ्यांपुढे ढसाढसा रडले. तिकीट कुणाला मिळालं, ते सांगायला नको.

बोईसरचीही तीच तऱ्हा. विलास तरे 2009 आणि 2014 ला बहुजन विकास आघाडीचे आमदार. 2019 ला शिवसेनेकडून लढले आणि आपल्याच जुन्या पक्षाच्या राजेश पाटलांकडून पडले. 2024 ला शिंदेंच्या शिवसेनेकडून परत आले. जिल्ह्यात पक्षाला धरून राहिलेला प्रदेश म्हणजे डहाणू. विनोद निकोले 2019 ला आणि 2024 लाही मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाकडूनच निवडून आले. तिथल्या लाल बावट्याची मुळं 1945 च्या वारल्यांच्या उठावात, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या कामात आहेत. वेठबिगार ज्यांनी मोडली त्यांचा झेंडा आजी नातवाला सांगून जाते. बाकीच्या पक्षांना असं सांगण्याजोगं काही उरलंय का, हे त्यांनी एकदा बसून बघावं.

निवडणूक जवळ आली की वाहिन्यांच्या गाड्या येतात आणि ‘पालघरचं जनमत कुठे झुकतंय’ म्हणून माइक पुढे करतात. बोईसरमध्ये त्यांना हटकून सापडते ती चित्रालयजवळची चहाची टपरी. सकाळी पाळी बदलायची वेळ. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तारापूर एमआयडीसीचा तो वास, जो आम्हाला आता येत नाही आणि पाहुण्यांना लगेच येतो. राजकारणावर तावातावाने बोलणारे भरपूर. मोदी, राहुल, ठाकरे, शिंदे, सगळ्यांची उलटतपासणी होते. पण नीट ऐकलं तर कळतं, की बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं नाव इथल्या यादीत नाहीच. कुणाचं जौनपूरला, कुणाचं दरभंग्याला, कुणाचं नंदुरबारला. ते बोईसरवर मनापासून बोलतात, कारण राहतात इथेच, पण बटण दाबायला त्यांना गावापर्यंतचा रेल्वेप्रवास करावा लागतो. तो कोण करणार?

आणि ज्याचं नाव इथे आहे तो गप्प असतो. त्या टपरीवर तलासरीकडचा एक ठेक्यावरचा कामगार नेहमी कोपऱ्यात उभा असतो. वारली आहे, तिशी ओलांडलेला. मी त्याला सरळच विचारलं, ‘दादा, यंदा कुणाला?’ तो हसला. म्हणाला, ‘ज्याची गाडी येल तिच्यात बसायचा. बटण काय ते आपला आपण दाबायचा.’ मग म्हणाला, ‘आणि इचारला तर सगळ्यांना हो बोलायचा.’

जनमत चाचण्या घेणारे पालघरमध्ये का फसतात याचं याहून चांगलं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही. आमचा माणूस विचारणाऱ्याचं मन मोडत नाही. घरी आलेल्याला नाही म्हणणं हा त्याला अपमान वाटतो. टोपी घालतो, उपरणं घेतो, मिरवणुकीत ढोलाच्या मागे चालतो. शहरातली शहाणी मंडळी यावर लगेच शिक्का मारतात, ‘विकले जातात.’ मला तसं वाटत नाही. ज्याला पुढाऱ्यांनी पाच-सहा वेळा वेगळं निशाण दाखवलं, त्याने सगळ्यांना हो म्हणायला शिकून घेतलं तर चुकलं कुठे? त्या पडद्याआडचे दोन क्षण एवढीच त्याची जागा आहे, आणि ती तो कुणाला दाखवत नाही.

2019 च्या लोकसभेत पालघरने ‘नोटा’ला 29 हजारांवर मतं दिली. म्हणजे आदल्या वर्षी गावीत जेवढ्या मतांनी जिंकले होते, जवळपास तेवढीच. तेव्हाही काही विद्वान म्हणाले, आदिवासींना शेवटचं बटण कळलं नाही. ज्यांना मोबाइलवरून रेशनचा आणि मजुरीचा हिशेब कळतो, त्यांना बटण कळत नाही, हे मला पटत नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांनी ते आकडे वाचले नाहीत, इतकंच.

मच्छी बाजारात तर निवडणुकीचा प्रश्नच वेगळ्या भाषेत सुटतो. मुरब्याकडची एक मावशी, माझी नेहमीची. ‘मावशी, यंदा कुणाचा जोर?’ तिने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. ‘जोर कसला? पापलेट किती हाय ते बघ.’ टोपलीत तळहाताएवढे चार. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला, सातपाटीच्या मच्छीमारांच्याच आग्रहावरून. मान मिळाला, मासा लहान होत चालला. 30 ऑगस्ट 2024 ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन वाढवण बंदराची पायाभरणी केली, 76 हजार कोटींचं काम. किनाऱ्यावर काळे झेंडे होते. त्यात आता मुरब्याच्या बंदराची भर, त्यालाही विरोध आहे. पण नोव्हेंबरात मतं मोजली तेव्हा जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीच्या होत्या. मग विरोध खोटा होता का? अजिबात नाही. तो किनारपट्टीतल्या गावांचा होता, आणि मतं तिकडे नाहीत.

हा मुद्दा प्रचारसभेत कुणी काढत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पालघर लोकसभेत 21 लाखांवर मतदार. त्यातले पाच लाखांहून जास्त एकट्या नालासोपारा विधानसभेत. वसई वेगळी. बोईसर मतदारसंघाची हद्दसुद्धा वसई तालुक्यात शिरलेली आहे. म्हणजे निकाल दक्षिणेला लागतो. आणि पाणीही तिकडेच जातं. सूर्या धरण बांधलं ते डहाणू-पालघरच्या शेतीसाठी. आज त्यातून 403 दशलक्ष लिटरची रोजची योजना आहे, 185 वसई-विरारला आणि 218 मीरा-भाईंदरला. तिथल्या माणसाला पाणी नको असं कोण म्हणेल? पण ज्याच्या जमिनीवरून कालवा जातो त्याच्या उन्हाळी भाताचं काय, हा प्रश्न कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात धड सापडत नाही, कारण तो विचारणारे मोजके आहेत.

दर 14 ऑगस्टला पालघर बंद असतं. 1942 मध्ये त्या दिवशी कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. सातपाटी, नांदगाव, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर, अशी पाच ठिकाणची माणसं. आडनावं पागधरे, ठाकूर, चुरी, मोरे आणि तिवारी. आज नाक्यावर ‘बाहेरचे’ या विषयावर वाद रंगतो तेव्हा मला त्या पाचव्या आडनावाची आठवण होते आणि मी चहा संपवून निघतो. हुतात्मा चौकात त्या सकाळी सगळ्या पक्षांचे पुढारी येतात, पुष्पचक्र वाहतात, शेजारी शेजारी उभे राहतात. त्यांच्यात कोण कुठल्या पक्षाचा, हे गर्दीतल्या कुणालाच विचारावंसं वाटत नाही. दरवर्षी तीच माणसं, वेगळ्या उपरण्यात.

तेव्हा पक्ष विचारू नये. विचारायचंच तर कामाचं विचारावं. सूर्याचं पाणी आमच्या शेताला किती आणि कधी? बोईसरची वस्ती एवढी वाढली, कचरा आणि गटारं ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेली, नगर परिषदेची मागणी वर्षानुवर्षं होते आहे, तिचं काय? अणुऊर्जा केंद्रासाठी उठवलेल्या अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचं काय राहिलंय? तुमच्या दारात येणारा याची उत्तरं देऊ शकला तर त्याचं निशाण कुठलंही असो, चालेल. नाही देऊ शकला तर चहा पाजा, हो म्हणा आणि पाठवून द्या.

आणि एक काम आजच करा. बोईसर-तारापुरात भाड्याची खोली बदलली की मतदार यादीतला पत्ता जुनाच राहतो, आणि मतदानाच्या दिवशी माणूस दोन शाळांमध्ये हेलपाटे घालतो. पत्ता बदललेल्यांनी नमुना 8 भरावा, नाव कुठेच नसलेल्यांनी नमुना 6. दोन्ही मोबाइलवरून भरता येतात. ज्यांचं घर दहा-पंधरा वर्षं इथेच आहे पण नाव अजून गावाकडच्या यादीत आहे, त्यांनीही ते इकडे आणावं. ठेक्यावर असलात तरी मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी हा तुमचा कायद्याने दिलेला हक्क आहे. ठेकेदाराला आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा.